बांगड्या भरल्यात, मग काय?

गेल्या महिन्यातला रविवार. माझा धाकटा भाऊ टर्फवर मॅच हरून घरी आला आणि कोपऱ्यात गप्प बसला. समोरच्या टीमने मुद्दाम धक्काबुक्की केली होती आणि हा एक शब्द बोलला नव्हता. मी तावातावाने म्हणाले, ‘‘अरे, उलट बोलायचं ना! हातात बांगड्या भरल्या होत्यास का?’’

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘माझ्या हातात आहेत की. मी कुठे कमी पडले?’’

माझी बोलतीच बंद. आई रोज बदलापूरहून अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जाते. मशीनजवळ बांगड्या चालत नाहीत, म्हणून सकाळी काढून डब्यात ठेवते आणि घरी आली की पुन्हा घालते. ओव्हरटाइमचे पैसे अडले की सगळ्यांच्या वतीने बोलायला तीच पुढे होते. आणि मी तिच्या हातातल्या वस्तूचा अर्थ ‘भित्रा’ असा लावला. तोही शब्दांवर पोट भरायचं स्वप्न बघणाऱ्या मी!

त्या दिवसापासून कान उघडे ठेवून फिरतेय. तुम्हीही एक दिवस करून बघा. आपल्या पट्ट्यात भाषांना तोटा नाही. उल्हासनगरच्या कॅम्पांत सिंधी, आसपासच्या गावांत आगरी, लोकलमध्ये हिंदी-मराठीची मिसळ. पण डब्यात चौथ्या सीटवरून वाजलं की दोन मिनिटांत सगळ्या भाषा एकाच पत्त्यावर पोहोचतात. समोरच्याची आई, नाहीतर बहीण. धक्का दिला त्याने, सरकून बसला नाही तो. शिवी मात्र घरी कुकर लावत असलेल्या बाईला. तिला तर हे भांडण झाल्याचंही माहीत नसतं.

लेडीज डब्यात सगळं आलबेल आहे, असं समजू नका. तिथे ‘सटवी’ आहे, ‘भवानी’ आहे. गंमत बघा, बाळाच्या पाचवीला आपण सटवाईची पूजा करतो, तुळजाभवानीला नवस बोलतो. आणि एखादी मुलगी जरा मोठ्याने हसली, उशिरा घरी आली, की तिला तीच नावं चिकटवतो. देव्हाऱ्यात देवी, दारात शिवी.

‘रांडेच्या’ ही शिवी तर आपण इतक्या सहज ऐकतो. ‘रांड’ या शब्दाचा जुना अर्थ विधवा. म्हणजे जिचा नवरा गेला, तिचं दुःख आपण शिवी म्हणून वापरायला घेतलं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायचं आवाहन केलं. प्रथा बंद करायला ठराव झाला, पण त्या प्रथेतून उरलेला शब्द आपल्या तोंडात अजून आहेच.

त्यावरही एका गावाने पाऊल उचललं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातलं सौंदाळा. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठरवलं, आई-बहिणीवरून शिवी दिली तर पाचशे रुपये दंड. दंडाने जीभ सुधारते का, यावर वाद घालता येईल. पण गावाने एकत्र बसून ‘हे चुकतंय’ असं म्हटलं, हे मला मोठं वाटतं. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंग सोडून असा विषय कधी निघालाय?

बांगड्यांचं तर राजकारणातही चालतं. फेब्रुवारी २०२० मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी आझाद मैदानावरच्या भाषणात हा वाक्प्रचार वापरला, तेव्हा आदित्य ठाकरे यांनी जाहीर आक्षेप घेतला होता. पण हा वाक्प्रचार कुठल्या एका पक्षाचा नाही. पाण्यासाठी मोर्चा निघतो, हंडे घेऊन बायका उन्हात चालतात आणि शेवटी अधिकाऱ्याला ‘बांगड्यांचा आहेर’ दिला जातो. भांडायला आल्या कोण? बांगड्या घातलेल्याच ना!

‘‘मनात काही नसतं गं, सवय आहे,’’ असं मित्र म्हणतात. मान्य. माझ्याही मनात काही नव्हतं. पण माझ्या भावाच्या मनात काय गेलं? मुलगी असणं म्हणजे कमी असणं. हे त्याला कुणी धडा म्हणून शिकवत नाही, तो रोज ऐकून शिकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या आंदोलनाचं वार्तांकन करणाऱ्या एका महिला पत्रकाराने, माजी नगराध्यक्षाने आपल्याशी अश्लाघ्य भाषा वापरल्याचा आरोप केला आणि गुन्हा दाखल झाला. निर्णय कोर्टाचा. पण याच शहरात, याच पेशात उतरणारी मुलगी म्हणून ती बातमी मी दोनदा वाचली. शब्द कुठपर्यंत जातात, ते तेव्हा कळलं.

मग रागवायचंच नाही का? भरपूर रागवा! मराठीत काय कमी माल आहे? कामचुकार, पळपुटा, बिनडोक, दीडशहाणा, उपटसुंभ, टिनपाट. ज्याने चूक केली त्यालाच लागणारे शब्द. त्याच्या आईला मध्ये आणायची गरजच नाही. ‘बायल्या’ म्हणायच्या आधी विचार करा, नेमकं काय म्हणायचंय? घाबरला? मग ‘घाबरला’ म्हणा.

मी तेच करून पाहिलं. परवा भावाला विचारलं, ‘‘त्या दिवशी घाबरला होतास का?’’ तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘हो. ते पाच जण होते.’’

बांगड्यांचा टोमणा मारला तेव्हा तो काहीच बोलला नव्हता. नीट विचारलं, तेव्हा बोलला.