१५ ऑक्टोबरची वही

लक्ष्मीपूजनाला पेढीवर वह्या बदलल्या जातात. जुनी वही मिटते, नव्या वहीच्या पहिल्या पानावर हळदकुंकू वाहून ‘श्री’ काढला जातो आणि मागची शिल्लक पुढे ओढून नवे वर्ष सुरू होते. महाराष्ट्रातल्या पाण्याचीही अशीच एक वही आहे. तिची तारीख १५ ऑक्टोबर. त्या दिवशी धरणात जे पाणी असेल त्यावर पुढच्या आठ महिन्यांचा हिशेब मांडला जातो: पिण्याला किती, कारखान्यांना किती, रब्बीला किती पाळ्या, उन्हाळी आवर्तन सुटणार की नाही. कालवा सल्लागार समितीच्या बैठका याच आकड्यांवर होतात. मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाचा साठा त्या तारखेला ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर नगर-नाशिककडच्या वरच्या धरणांतून किती पाणी खाली सोडायचे, हेही महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४च्या आदेशाप्रमाणे याच आकड्यावर ठरते. २०२३ साली ते ८.६ टीएमसी ठरले आणि त्यावरून दिवाळीच्या तोंडावर दोन विभाग एकमेकांसमोर उभे राहिले.

१५ ऑक्टोबरला पाऊस गेलेला असतो, हे या वहीचे गृहीत आहे.

ते आता खरे राहिलेले नाही. भारतीय हवामान विभागाने २०२० साली मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखाच बदलल्या. आधीच्या तारखा १९०१ ते १९४० या काळातल्या नोंदींवरून ठरवलेल्या होत्या. नव्या हिशेबात मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. वायव्य भारतातून परतीची सुरुवात १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबरला धरली जाऊ लागली. म्हणजे वहीत शिल्लक लिहायची वेळ आणि पाऊस जायची वेळ यांत आठवड्याचेच अंतर उरले. दुसऱ्या टोकाला २०२५ साली २६ मे रोजीच मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. त्याआधीच्या ७५ वर्षांत तो इतक्या लवकर आला नव्हता. नांगरटी उरकलेल्या नव्हत्या, उन्हाळी पीक शेतात होते आणि धरणांवरची पावसाळ्यापूर्वीची कामे अजून चालू होती.

शेतकऱ्यांचे पंचांग हवामान खात्याच्या कितीतरी आधीचे. त्यात पावसाला स्वभाव आहेत. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. तरण्याने दणकून पडायचे आणि म्हाताऱ्याने रिपरिप धरून जमीन मुरवायची, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो पुष्यात. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पडला आणि खाली चिपळूण बुडाले, तेही पुष्यातच. २०२३चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आश्लेषा गेली, मघा गेली, सोयाबीनने माना टाकल्या. आणि २०२५ साली उत्तरा सरता सरता सीना नदीला असा पूर आला, की सोलापूर, धाराशिव, बीडकडच्या ज्या गावांनी आयुष्यभर टँकरची वाट पाहिली, त्या गावांतल्या माणसांना छपरावरून बोटीने उतरवावे लागले.

यामागचे कारण कळायला अवघड नाही. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे पडायला लागला की पाऊस जास्त पडतो, आणि दोन सरींच्या मधली उघडीपही लांबते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ सालीच दाखवले होते, की मध्य भारतात मोसमाचा एकूण पाऊस फारसा बदललेला नाही, पण मोठ्या पावसाचे प्रसंग वाढले आहेत आणि मध्यम पावसाचे कमी झाले आहेत. त्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी २०१७ साली १९५० ते २०१५ या काळाच्या नोंदी तपासल्या. मोठ्या टापूवर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढल्याचे त्यांना आढळले. हे संशोधन पुण्यात झाले, त्याला जमाना लोटला. ते पुण्यातूनच चालणाऱ्या धरणांच्या कारभारात किती उतरले, हा प्रश्न विचारायची वेळ आली आहे.

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी उभे राहिले की तो प्रश्न डोळ्यांनी दिसतो. १९२९ साली खुला झालेला हा दगडी पूल म्हणजे सांगलीकरांची पट्टीच. पावसाळ्यात गावातली माणसे एकमेकांना ‘किती फूट?’ असे विचारतात आणि कशाचे फूट हे सांगावे लागत नाही. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोका पातळी. कुठल्या फुटाला कुठल्या गल्लीत पाणी येते हे लोकांना तोंडपाठ असते, आणि त्यावरून कपाटातले सामान कधी वर चढवायचे ते ठरते. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५चा महापूर आयुष्यातला सर्वांत मोठा मानून ज्यांनी त्याच्या खुणेवर फडताळे बसवली होती, त्यांची फडताळेही पाण्याखाली गेली. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पाणी पुन्हा आले.

नदीकाठच्या बांधकामांसाठी जलसंपदा विभाग नकाशावर दोन रेषा ओढतो. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. १६ वर्षांत तीन महापूर पाहिलेल्या सांगली-कोल्हापूरच्या माणसाला ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा काय अर्थ सांगायचा? या रेषा चुकीच्या गणिताने काढलेल्या नाहीत. त्या जुन्या नोंदींवरून काढल्या आहेत, आणि मागे जसे झाले तसेच पुढे होत राहील हे त्यांचे गृहीत आहे. अमेरिकी जलशास्त्रज्ञ पी. सी. डी. मिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे गृहीत मेले आहे असे सरळ लिहिले. जगभरच्या धरणांची, सांडव्यांची, पुलांची आणि गटारांची मापे त्यावरच बेतलेली असल्याने त्या छोट्या लेखाने जलव्यवस्थापनाच्या क्षेत्रात मोठी खळबळ उडवली. २०१९च्या पुरानंतर आपल्याकडे पुराची कारणे तपासायला वडनेरे समिती बसली, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून दोन राज्यांत वाद झडला, तो अजूनही चालू आहे. दर पुरानंतर पूररेषा नव्याने मोजून त्या पाळायला लावण्याचे काम मात्र वादाइतक्या जोमाने होत नाही.

धरणावरच्या माणसाची अडचणही समजून घ्यायला हवी. प्रत्येक मोठ्या धरणाला जलाशय परिचालन सूची असते: अमुक तारखेला इतकी पातळी, तमुक तारखेला तितकी, आणि पावसाळा संपताना भरलेले धरण. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धरण नव्वद टक्क्यांवर आहे आणि हवामान खात्याने लाल इशारा दिला आहे. आधीच पाणी सोडून जागा करावी, तर पुढे ऑगस्ट २०२३ सारखा कोरडा गेला म्हणजे ‘तुम्हीच पाणी वाया घालवले’ हा ठपका. सोडू नये, तर रात्रीतून आवक वाढते, दरवाजे एकदम उचलावे लागतात आणि खालची वस्ती बुडते. सूचीप्रमाणे वागले की निदान चौकशीत सुटका होते. पाऊस बदलला तरी सूची बदलत नाही, याच्या मुळाशी ही भीती आहे. एकट्या अभियंत्याच्या धाडसावर हे काम सोपवून चालणार नाही. नियमच असा हवा, की अंदाजावर पाणी सोडणाऱ्याला आणि अंदाजावरच पाणी धरून ठेवणाऱ्याला त्याचे संरक्षण मिळेल.

असा नियम होऊ शकतो. कॅलिफोर्नियात रशियन नदीवर मेंडोसिनो नावाचा जलाशय आहे. त्याचे परिचालन १९५९ साली लिहिलेल्या पुस्तिकेवरून चाले. २०१२च्या डिसेंबरात मोठा पाऊस झाला, जलाशय वाढला आणि पुराला जागा ठेवायची म्हणून पुस्तिकेप्रमाणे पाणी सोडून दिले गेले. त्यानंतरचे सबंध वर्ष कोरडे गेले आणि जलाशयाचा तळ उघडा पडला. पुढे काही दिवस मोठा पाऊस येणार नाही हे हवामानशास्त्रज्ञ सांगू शकत असताना पुस्तिका मात्र फक्त तारीख पाहत होती. मग धरण चालवणारे, हवामानाचे संशोधक, पाणी वापरणाऱ्या संस्था आणि नदीतल्या माशांचे अभ्यासक अशी सगळी मंडळी २०१४ पासून एका समितीत बसली. अंदाज किती दिवसांपर्यंत भरवशाचा, चुकला तर काय, याची त्यांनी वर्षानुवर्षे तपासणी केली. २०२० पर्यंत अंदाजावर आधारलेल्या परिचालनातून पुराचा धोका न वाढवता जास्तीचे पाणी साठवून दाखवले. आपला मोसमी पाऊस तिकडच्या हिवाळी वादळांपेक्षा वेगळा आणि अंदाजाला अधिक कठीण, म्हणून त्यांची पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण संशोधकाने आणि दरवाजे उचलणाऱ्याने वर्षानुवर्षे एका टेबलाशी बसणे पुण्याला, जिथे हवामान विभागाची मोठी कार्यालये आहेत आणि १९१६ पासूनचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र खडकवासल्याला आहे, अवघड का जावे?

तारखेकडे पाहून भागत नाही, हे उजनी धरणाच्या २०२४ सालच्या कथेतूनही दिसते. उजनीचा मृतसाठाच सुमारे ६३ टीएमसी, त्यामुळे उपयुक्त पाणी संपले की सोलापूर जिल्ह्यात टक्केवारी ‘उणे’मध्ये मोजतात. त्या जूनमध्ये धरण उणे ६० टक्क्यांपर्यंत गेले. पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर पायथ्यापासून उघडे पडले आणि लोक चालत जाऊन दर्शन घेऊन आले. ऑगस्टमध्ये तेच धरण भरून भीमेत पाणी सोडले जात होते. दोन-अडीच महिन्यांत टंचाईची बैठक आणि पुराचा इशारा, दोन्ही एकाच कार्यालयातून.

धरणांच्या आकड्यांत एक पाणी दिसत नाही. राज्याचा सुमारे ८२ टक्के भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा. त्यात पाणी राहते ते मुरमात, भेगांत आणि सांध्यांत, आणि तेही हळू पडणाऱ्या पावसाचे. पाचशे मिलिमीटर पाऊस चाळीस दिवसांत पडला तर विहिरीला पाझर लागतो. तोच आठ दिवसांत कोसळला तर माती घेऊन नदीला जातो. पर्जन्यमापकाच्या वहीत दोन्ही सालांची बेरीज एकच. २०२५च्या पुरात मराठवाड्यातल्या कितीतरी विहिरी गाळाने काठोकाठ भरल्या. त्या वर्षी ७ ऑक्टोबरला जाहीर झालेल्या मदतीत अशा विहिरीसाठी ३० हजार रुपये धरले होते. ज्याची विहीर बुजली त्याच्या शेतावरून पाणी वाहून गेले आणि रब्बीला द्यायला त्याच्याकडे पाणी नाही.

म्हणून साठ्याचा हिशेब एकदा ऑक्टोबरात लिहून भागणार नाही. उसाचेच पाहा. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो. पुढच्या उन्हाळ्याचे पाणी तो १५ ऑक्टोबरच्या कितीतरी आधी स्वतःच्या नावावर लावून घेतो. मग समितीने काय वाटायचे?

पाणी पाहून पीक ठरवायची रीत या मातीला नवी नाही. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर तीन-चारशे वर्षे फड बागायत चालली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली, एका फडात एकच पीक, आणि पीक कोणते हे शेतकरी एकत्र बसून ठरवत. पाणी कमी असले तर एखादा फड त्या वर्षी भिजवायचाच नाही. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असल्यामुळे झळ सगळ्यांना सारखी लागे. पाटकरी पाणी फिरवी, जागल्या राखण करी. वर धरणे झाली, विहिरींवर मोटारी बसल्या आणि ती घडी बऱ्याच ठिकाणी विस्कटली. तोच विचार नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली नव्याने उभा केला. बोअरच्या पाण्यावर शेती नाही, ऊस-केळी नाही आणि दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे.

मोजण्यावर सगळे येऊन ठेपते, आणि मोजण्यावरच खर्च करायला हात आखडतो. अतिवृष्टीची मदत मिळायची तर महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला जावा लागतो. मंडळात गावे अनेक, स्वयंचलित केंद्र सहसा एक. ढग फुटतो तो दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात. पलीकडच्या गावाचे पीक आडवे होते आणि केंद्रावर ४० मिलिमीटर दिसते. ग्रामपंचायतीगणिक केंद्रे बसवण्याची योजना आहे, ती लवकर व्हावी, आणि बसवलेली केंद्रे चालू राहावीत यासाठीही माणूस आणि पैसा असावा. त्या नोंदी शाळेपासून विद्यापीठापर्यंत कोणालाही सहज मिळाव्यात. संशोधक मिळेल तेवढ्या नोंदींवरच अभ्यास करतो, आणि नोंद नसलेल्या गावाचा पूर अभ्यासात येतच नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उभी राहिली. तिच्या निरीक्षण विहिरी राज्यभर आहेत आणि त्यांतली पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. या चारांतली पहिली ऑक्टोबरची. कर्मचारी कठड्यावर वाकून फीत आत सोडतो, टोक पाण्याला लागल्याचा आवाज ऐकतो, फीत वर ओढून ओली खूण पाहतो आणि आकडा लिहितो. पूर येऊन गेलेल्या वर्षी कितीतरी ठिकाणी पाणी काठाशी असेल, फीत हातभर सोडताच भिजेल. तीच विहीर जानेवारीत, मार्चमध्ये काय दाखवते ते पाहायला तो पुन्हा येईल. आणि मेमध्येही येईल, बहुधा वळवाच्या पावसात छत्री धरून.