हाताला पुस्तक लागू द्या

घरात किंवा शेजारात एखादं लेकरू असेल, ज्याला दिसत नाही किंवा फारच कमी दिसतं, तर हे तुमच्यासाठी आहे. आईबाबांसाठी तर आहेच. पण आजी, मामा, वर्गशिक्षिका आणि गावच्या वाचनालयात टेबलापाशी बसणारे काका, तुम्हीही वाचा.

अशा मुलाला आपण बहुतेक वेळा काय देतो? मोबाइल. त्यावर गाणी लावतो, गोष्टी लावतो. पोर एका जागी बसतं, आपलीही कामं उरकतात. ऐकणं वाईट नाही. ते हवंच, आणि त्याबद्दल पुढे सांगते. पण नुसतं ऐकून कुणी लिहायला शिकत नाही. 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच लागतात. शब्द कुठे तुटतो, जोडाक्षर कसं होतं, पूर्णविराम कुठे येतो, हे कानाला कळत नाही. ज्यांना दिसतं त्या मुलांच्या नजरेला अक्षरं सारखी पडत असतात. दुकानावर, बिस्किटाच्या पुड्यावर, एसटीच्या पाटीवर. आपल्या मुलाला ती कुणीतरी हाताशी आणून द्यावी लागतात.

म्हणून आधी ब्रेल. नाव ऐकूनच पुष्कळ पालक बिचकतात. बिचकू नका.

सहा टिंबं असतात. डावीकडे उभी तीन, उजवीकडे उभी तीन. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन. उजवीकडे चार, पाच, सहा. फक्त पहिलं टिंब उठलेलं असलं की 'अ'. पहिलं आणि दुसरं म्हणजे 'ब'. तीन, चार, पाच म्हणजे 'आ'. आता 'बाबा' लिहायचं तर ब, आ, ब, आ. झालं. काना वेगळा शिकायला नको, तिथे सरळ 'आ' येतो. छापील मराठीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढावी लागते. ब्रेलमध्ये ती अक्षरानंतरच येते, जशी तोंडातून निघते तशी. मला विचाराल तर या बाबतीत ब्रेल जास्त सरळ आहे.

आणि एक गोष्ट आईवडिलांना कुणी सांगतच नाही. तुम्हाला ब्रेल बोटांनी वाचायची गरज नाही. तुम्ही डोळ्यांनी वाचा. टिंबं दिसतात. रोज संध्याकाळी मुलासोबत दोन अक्षरं घ्या. आपल्या भाषांसाठी १९५१ पासून एकच भारती ब्रेल आहे. त्यामुळे मराठी अक्षरं बसली की हिंदीही हाताला लागते.

लिहायला ब्रेलची पाटी आणि टोचायची कलम लागते. उजवीकडून डावीकडे टोचायचं, कागद उलटायचा आणि डावीकडून वाचायचं. कागद जाड हवा. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं त्याला उत्तम. रद्दीत घालू नका. पहिला धडा स्वयंपाकघरातच होऊ द्या. मिठाच्या, साखरेच्या, रव्याच्या डब्यावर ब्रेलमधली चिठ्ठी चिकटवा. मुलाला म्हणा, साखर आणून दे. मिठाचा डबा आला तरी हरकत नाही. पुन्हा पाठवा.

वाचायला शिकवताना त्याचं बोट धरून ओढू नका. त्याचा हात तुमच्या हातावर ठेवू द्या. तुमचा हात पुढे सरकेल, त्याचा मागून येईल. ओढलेला हात घाबरतो, आणि घाबरलेल्या हाताला काही उमगत नाही.

ज्यांना थोडं दिसतं, त्या मुलांचं बोलू. यांचीच जास्त आबाळ होते. ती आंधळी नाहीत म्हणून ब्रेल कुणी शिकवत नाही, आणि फळ्यावरचं दिसत नाही म्हणून 'आळशी' ठरतात. मूल पुस्तक नाकाला लावून वाचत असेल तर रागावू नका. जवळून वाचल्याने नजर बिघडत नाही. त्याला तसंच दिसतं. उजेड खांद्यामागून येईल असं बसवा. ठळक, मोठी अक्षरं द्या, निदान १८ पॉइंटची. चकचकीत कागद टाळा. नजर वर्षागणिक कमी होत जाण्याचा आजार असेल, तर डॉक्टरांशी बोलून ब्रेल आत्ताच सुरू करा. दिसणं संपायची वाट पाहू नका.

आता पुस्तकं आणायची कुठून?

मुंबईत वरळीला 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड' आहे. ही संस्था १९५२ सालची. तिथे ब्रेल छपाईही होते आणि बोलकी पुस्तकंही मिळतात. मुंबईतल्याच सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठी साधन केंद्र आहे. देहरादूनला दृष्टिबाधितांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिचा ब्रेल छापखाना १९५१ चा. मराठी ब्रेलमध्ये नियतकालिकही निघालं. स्वागत थोरात यांनी २००८ साली 'स्पर्शज्ञान' हे पाक्षिक सुरू केलं. या संस्थांना फोन करा, पत्र लिहा. मुलाचं वय आणि इयत्ता सांगा. 'आमच्या लेकीला भुताच्या गोष्टी आवडतात' हेही सांगा.

हे मुद्दाम सांगते. अंध मुलाला भेट द्यायची म्हटली की लोक थोरामोठ्यांची चरित्रं आणि बोधकथाच का आणतात, मला समजत नाही. त्या मुलालाही चोर-पोलिस हवेत. वात्रट माकड हवं. पुस्तक अर्धवट टाकून दुसरं मागायची मुभाही हवी. अभ्यासाचं पुस्तक मिळालं म्हणून वाचनाची सोय झाली, असं समजू नका.

ऐकायच्या पुस्तकांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन वाचनालय २०१६ मध्ये सुरू झालं. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांसाठीच ते आहे. नोंदणीला अपंगत्वाचा पुरावा लागतो. 'बुकशेअर'वरही मराठी पुस्तकं आहेत. तिथे 'डेझी' या प्रकारातली पुस्तकं मिळतात. साध्या रेकॉर्डिंगमध्ये तिसरा धडा शोधायला सगळं पुढे ढकलत बसावं लागतं. डेझीत थेट धड्यावर, पानावर जाता येतं. मुलाला स्वतःचं स्वतः वाचता येतं, दर वेळी तुम्हाला हाक मारावी लागत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' नावाची सोय बहुधा आधीपासून असते, ती पडद्यावरचं वाचून दाखवते. संगणकासाठी असंच वाचून दाखवणारं 'एनव्हीडीए' फुकट मिळतं. लहान मुलांच्या मराठी गोष्टी प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मोफत आहेत. त्या ब्रेलमध्ये उतरवून घ्यायलाही आडकाठी नाही.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठीही एक वाट मोकळी झाली आहे. अंधांसाठी तयार केलेली पुस्तकं देशादेशांत देता-घेता यावीत म्हणून २०१३ मध्ये मराकेशचा करार झाला. त्याला पहिली पक्की मान्यता भारताने दिली, २०१४ मध्ये. तुमचा देश त्यात असेल, तर तिथल्या वाचनालयात मराठी पुस्तकांची मागणी जरूर नोंदवा.

आता गावचं वाचनालय. मुलाला घेऊन तिथे जा. काका म्हणतील, "आमच्याकडे यांच्यासाठी काही नाही हो." रागावू नका. म्हणा, "नसू दे, आधी सभासद तर करून घ्या." महाराष्ट्रातली कितीतरी सार्वजनिक वाचनालयं १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली सरकारी अनुदानावर चालतात. म्हणजे तो पैसा तुमचाही आहे. सभासदाच्या यादीत नाव आलं की मागणी करता येते. मागणी झाली की कधीतरी कपाटात पुस्तक येतं. न मागता आलेलं मी तरी पाहिलं नाही.

आणि काका, तुम्हाला दोन-चार गोष्टी. ब्रेल पुस्तकं उभी ठेवा. एकावर एक रचलीत तर टिंबं दबतात, आणि दबलेलं टिंब बोटाला लागत नाही. एका छापील पुस्तकाचे ब्रेलमध्ये दोन-तीन जाडजूड खंड होतात, तेव्हा जागा जरा मोकळी ठेवा. खंडाच्या पाठीवर ब्रेलमध्येही नाव हवं, म्हणजे मूल स्वतः शोधेल. गोष्टींच्या तासाला या मुलाला वेगळं बसवू नका. चित्र आलं की 'हे बघा' म्हणून पुढे जाऊ नका. चित्रात काय आहे ते सांगा, सगळ्याच मुलांना मजा येईल. गोष्टीत टोपली, घुंगरू, कणीस असेल तर एका पिशवीत भरून आणा आणि हाताळायला द्या. चित्रांच्या पुस्तकात पारदर्शक प्लास्टिकवर ब्रेल टोचून पट्ट्या चिकटवा. मग अंध मूल आणि त्याची डोळस बहीण एकच पुस्तक मांडीवर घेऊन बसतील.

कागदपत्रांचं थोडक्यात. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून ठेवा. प्रमाणपत्र ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचं असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे १८ वर्षांपर्यंत पुस्तकं, शिकण्याचं साहित्य आणि योग्य साधनं मोफत मिळायला हवीत. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. पोच घ्या. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा. हे सगळं उन्हाळ्याच्या सुटीआधी करा. जूनमध्ये मागितलेलं पुस्तक दिवाळीला हातात पडलं, तर मूल वर्गात तोवर नुसतंच बसून राहतं.

तुम्हाला स्वतः काही करायचं आहे? मग वाचून रेकॉर्ड करा. २०१२ मध्ये कॉपीराइटच्या कायद्यात बदल झाला. अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून, नफा न घेता, पुस्तक तिच्या सोयीच्या रूपात करून देता येतं. फक्त ते इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकू नका. पंखा बंद करा. कुकर नंतर लावा. आधी पुस्तकाचं, लेखकाचं नाव सांगा. प्रत्येक धडा वेगळा ठेवा. पानाचा आकडा सांगा, म्हणजे वर्गात 'पान २३ काढा' म्हटलं की मुलाला कळेल. नाटकी वाचू नका. स्पष्ट वाचा, मूल स्वतःच्या मनात आवाज भरेल.

शेवटी टपालाचं. ब्रेल पुस्तकं जड असतात, म्हणून लोक मागवायला कचरतात. पण अंधांसाठीच्या साहित्याचं पाकीट भारतीय टपाल खातं देशात जमिनीवरच्या मार्गाने ७ किलोपर्यंत विनाशुल्क नेतं. पाकिटावर 'अंधांसाठीचं साहित्य' असं ठळक लिहा. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता घाला. आत काय आहे ते तपासता येईल असं बांधा, डिंकाने पक्कं चिकटवू नका. खिडकीवरच्या माणसाला हा नियम ठाऊक नसेल, तर पोस्टमास्तरांना भेटा. परतीचं पुस्तकही याच सवलतीत जातं. पहिलं पुस्तक परत टाकायला जाल, तेव्हा मुलाला सोबत न्या आणि पाकीट त्याच्याच हातून देऊ द्या. पुढच्या वेळी कुठलं पुस्तक मागवायचं, ते येताना रस्त्यात विचारून घ्या.