पक्षी तिचे, शेड त्याची, मजुरी शून्य

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका बचतगटाच्या बैठकीत मी बटेरपालनाचा छापील प्रकल्प अहवाल वाचून दाखवत होते. 500 पक्ष्यांचा अहवाल होता. पिल्लांची किंमत, खाद्य, पिंजरे, वीज, कर्जाचा हप्ता, सगळे आकडे नीट मांडलेले. खर्चाच्या यादीत शेवटची ओळ होती : ‘मजुरी (घरगुती) : शून्य.’ मी ती वाचून पुढे सरकले. मागे बसलेली एक बाई म्हणाली, “ताई, ते शून्य म्हंजी मी का?”

बायका हसल्या, मीही हसले. पण तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. कारण असे अहवाल मी स्वतः केलेले आहेत. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात ते करायला शिकवतात, संस्थेत ते मागतात, बँकेला ते लागतात. नफा दाखवायचा तर बाईची मजुरी शून्य धरायची, हे आम्हाला कुणी उघड सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही.

आधी बटेरपालनाबद्दल. आपल्या रानात दिसणारा लाव्हा वेगळा. तो पकडणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. पाळतात तो जपानी बटेर. 1974 साली तो भारतात आणला गेला आणि इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेत त्याच्यावर बरंच काम झालं. पक्षी पाच आठवड्यांत विकायला येतो, मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंडी द्यायला लागते. जागा कमी लागते. भूमिहीन बाईलाही जमेल असा हा थोडक्या धंद्यांपैकी एक आहे. हे सगळं खरं आहे. माझा राग पक्ष्यावर नाही, त्याच्या हिशोबावर आहे.

कारण ‘घरबसल्या जोडधंदा’ म्हणजे काय, ते पाहा. एका दिवसाचं पिल्लू जेमतेम 8-10 ग्रॅमचं असतं. पहिल्या आठवड्यात त्याला 37 अंशांच्या आसपास ऊब लागते. रात्री वीज गेली की पिल्लं उबेसाठी एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात. म्हणून रात्री उठणारं कुणीतरी लागतं. पाण्याच्या भांड्यात गोट्या किंवा खडे टाकावे लागतात, नाहीतर एवढंसं पिल्लू वाटीभर पाण्यात बुडून मरतं. भांडी दिवसातून दोनदा धुवायची, विष्ठा काढायची, भुसा बदलायचा. मोठा पक्षी दिवसाला 25 ते 30 ग्रॅम खातो, म्हणजे 500 पक्ष्यांना रोज साडेबारा ते पंधरा किलो खाद्य. अंडी रोज गोळा करायची, आणि ती पातळ कवचाची. हे सगळं ‘घरबसल्या’. बसायला वेळ मिळतो कधी?

तिचा आधीचा दिवस काय रिकामा होता? 2019 सालच्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरचं बिनमोल काम करणाऱ्या बायका त्यावर रोज 299 मिनिटं घालवत होत्या, तर असं काम करणारे पुरुष 97 मिनिटं. 2024 च्या पाहणीत बायकांची मिनिटं 289 झाली. म्हणजे पाच वर्षांत दहा मिनिटं कमी. पुरुषांची मात्र 97 वरून 88 वर आली. हे काम बहुतेक पुरुष करतच नाहीत, ते या सरासरीत धरलेलेही नाहीत. या पाच तासांवर आपण आता ‘सक्षमीकरण’ म्हणून आणखी तीन तास चढवायचे, आणि त्यांची किंमत लिहायची शून्य!

आता पैशाकडे येऊ. परसात चार-पाच गावरान कोंबड्या असतात, तेव्हा अंड्याचा पैसा बहुधा बाईच्या पदराच्या गाठीत असतो. दहा-वीस रुपयांसाठी नवरा हिशोब मागत नाही. पोरीची वही, माहेरची भाऊबीज, स्वतःचं औषध त्यातून होतं. तो पैसा लहान असतो, पण कुणाला न विचारता खर्च करता येतो. त्याच परसात कर्ज काढून 500 पक्ष्यांची शेड उभी राहिली की काय होतं? जागा त्याच्या नावावर. मोटारसायकल त्याची, म्हणून खाद्याची पोती तोच आणतो. व्यापाऱ्याचा फोन त्यालाच येतो. हॉटेलवाल्याशी, ढाबेवाल्याशी भाव तोच ठरवतो. कर्जाच्या कागदावर अंगठा किंवा सही मात्र तिची, कारण योजना ‘महिलांसाठी’ आहे. काल ती चार कोंबड्यांची मालकीण होती. आज स्वतःच्याच धंद्यात बिनपगारी गडी झाली. वर तिला लाभार्थी म्हणायचं!

“घर एकच ना? पैसा घरात आला म्हणजे तिलाच आला.” हे वाक्य मी सरपंचाकडून ऐकलंय, बँकेच्या साहेबाकडून ऐकलंय आणि आपल्याच कार्यकर्त्यांकडूनही ऐकलंय. घर एकच असेल तर शेताच्या नोंदीत आणि ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर दोघांची नावं का नसतात? घर सोडायची वेळ आली की ती नेसत्या लुगड्यानिशी बाहेर पडते, तेव्हा पिंजरे तिच्याबरोबर जातात का? शेतात रोजानं मजूर लावला तर त्याची मजुरी खर्चात धरतातच. मग तेच काम बायको करते तेव्हा ते काम राहत नाही का?

मला वाटतं, सोपी कसोटी लावावी. तिच्या तासांना गावातल्या चालू दरानं मजुरी धरा आणि मग नफा काढा. उरला, तर तो धंदा. नाही उरला, तर ती वेठ आहे. बाईच्या फुकट श्रमावरच जो नफ्यात दिसतो, त्या धंद्याला आपण आपलं नाव देता कामा नये.

धोक्याचाही हिशोब असाच तिरका असतो. ‘पिल्लं आम्ही देऊ, माल आम्हीच परत घेऊ’ या बोलीवर 2012 पर्यंत तमिळनाडूतल्या इरोड भागात इमूपालनात लोकांचे पैसे बुडाले. 2019 साली आपल्या सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबडीच्या नावावर तेच झालं. 2011 साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं जपानी बटेराचे नवे परवानेच थांबवले होते, ते बंधन पुढे उठलं. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर परसातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. ‘बटेराला रोगच होत नाही’ असं जो एजंट सांगतो, तो खोटं सांगतो. बर्ड फ्लू बटेरालाही होतो. धंदा बुडाला की हप्त्यासाठी दारात येणारा माणूस सही कुणाची ते पाहतो, पैसा कुणी खर्चला ते नाही.

आणि ज्यांना हा पक्षी सगळ्यांत जास्त कळतो, त्या कुठे आहेत? फासेपारधी समाजानं पिढ्यानपिढ्या लाव्हे-तितर धरले. इंग्रजांनी अनेक भटक्या जमातींप्रमाणे त्यांच्यावर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. 1952 साली तो कायदा गेला, शिक्का गेला नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर हातातलं जुनं काम गुन्हा ठरलं. पारधी बाईला बटेरपालन शिकवायला फार वेळ लागणार नाही. पण योजनेला जागेचा उतारा हवा, आणि तिचं पाल गायरानात. गावाच्या बचतगटातही तिला कुणी घेत नाही. ‘महिला’ म्हणताना आपण कोणत्या महिला धरतो, हेही एकदा स्वतःला विचारू या.

चळवळीतल्या काही मैत्रिणी म्हणतील, आपलं काम कोंबड्या-बटेर वाटण्याचं नाही, हक्कांचं आहे. मला ते पटत नाही. मारहाण सोसून परत जाणारी बाई बहुतेक वेळा एकच सांगते, “ताई, खाऊ काय?” तिला स्वतःचा पैसा हवा, तो हक्काचाच प्रश्न आहे. पण ज्या मैत्रिणी योजना येईल तशी गावात नेतात आणि गटांची संख्या मोजतात, त्यांनाही माझं सांगणं आहे : अट न घालता दिलेला धंदा तिच्या पाठीवरचं ओझं वाढवतो. ती चूक मी केली आहे.

म्हणून अटी घालू. पहिली, अहवालात मजुरीचा रकाना भरल्याशिवाय गटानं ठराव करायचा नाही. शेजारी तासांची वही ठेवायची. दुसरी, शेडची जागा बाईच्या किंवा गटाच्या नावावर, निदान लेखी भाडेकरारानं. खातं तिचं, आणि पैसे काढायलाही तीच. तिसरी, सुरुवात 500 नं नाही, 50 पक्ष्यांनी करायची, तीही कर्जाशिवाय. चौथी, परत खरेदीच्या बोलीवर पक्षी घ्यायचे नाहीत. गिऱ्हाईक आधी आपण शोधायचं.

पाचवी अट पिल्लांची. पाळीव बटेराची मादी सहसा अंड्यावर बसत नाही, त्यामुळे दर खेपेला पिल्लांसाठी हॅचरीवाल्याच्या दारात जावं लागतं. अंडी 17-18 दिवसांत फुटतात. चार गटांनी मिळून एक लहान उबवणी यंत्र घेतलं तर ती दोरी आपल्या हातात येते. थोड्या अंड्यांना हलक्या वजनाची खुडूक कोंबडीही चालते. मात्र एकाच कळपात पैदास करत राहिलं तर अंडी फळणं लवकर कमी होतं, म्हणून गावोगावच्या गटांनी नर अदलाबदल करावेत. तीन आठवड्यांनी छातीचा रंग तांबूस झाला की तो नर, करडी छाती आणि काळे ठिपके असले की मादी. हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. आणि सहावी : रात्री पिल्लांसाठी उठायची पाळी नवऱ्याचीही. नफ्यात वाटा हवा असेल तर जागरणातही हवा.

त्या गटानं पुढच्या बैठकीत अहवालातलं शून्य खोडून तिथे मजुरीचा आकडा लिहिला. नफा निम्म्याहून खाली आला. बँकेचे साहेब म्हणाले, असा अहवाल मंजूर होणं कठीण आहे. दोन नवऱ्यांनी बायकांना गटातून काढतो म्हणून धमकावलं. एक बाई खरंच गेली. उरलेल्यांनी कर्ज न घेता 50 पक्षी आणले आहेत. वहीत तास लिहिले जातात. धंदा चालेल का, हे वही सांगेल. पण त्या वहीत मजुरीपुढे आता कुणी शून्य लिहीत नाही. आपल्या गटांच्या वह्या काय सांगतात, मैत्रिणींनो?