अपडेट केलं आणि फाईल्सच गायब! नेमकं चुकतं कुठे?

अपडेट करावेत, यात वाद नाही. पण अपडेट आपल्या फोल्डरमध्ये हात घालतो तेव्हा त्याची तपासणी कशी झाली होती, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यासाठी विंडोज १० चं उदाहरण बघा.

२ ऑक्टोबर २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टने १८०९ हा अपडेट आणला आणि काही दिवसांतच थांबवला. काही लोकांचे फोटो आणि डॉक्युमेंट्स उडाले होते.

झालं असं, की विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी फोल्डर्स सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर हलवता येतात. तसं करणाऱ्यांना आधीच्या अपडेटनंतर जादाची रिकामी फोल्डर्स दिसायला लागली. तक्रारी आल्या, म्हणून १८०९ मध्ये ती साफ करणारा कोड टाकला. पण काहींच्या जुन्या फोल्डरमध्ये फाईल्स तशाच राहिल्या होत्या. ती फोल्डर्सही सामानासकट साफ!

मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार अशा तक्रारी ०.०१ टक्का होत्या, म्हणजे दहा हजारांत एक. आकडा छोटा वाटतो, पण तो एक आपण असलो तर?

फोल्डर डिलीट करणारं फंक्शन तपासायचं तर तात्पुरतं फोल्डर बनवून त्यावर प्रयोग करतात. रिकामं, भरलेलं, लपलेली फाईल असलेलं, दुसऱ्या जागेची लिंक असलेलं, परवानगी नसलेलं. प्रत्येक वेळी दोन गोष्टी बघायच्या: जायला हवं ते गेलं का, आणि राहायला हवं ते राहिलं का? माझ्या मते घोळ होतो तो दुसरी गोष्ट न बघितल्यामुळे. लिनक्सची 'आरएमडीआयआर' कमांड याबाबतीत शहाणी आहे. फोल्डर रिकामं नसेल तर ती सरळ नकार देते.

आपल्या भाषेची वेगळीच गंमत आहे. 'कऱ्हाड' या नावातला 'ऱ्ह' युनिकोडमध्ये एकापेक्षा जास्त प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना नाव एकच दिसतं, पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी नावं वाटू शकतात. फक्त इंग्रजी नावांवर तपासलेल्या ॲपमध्ये ही चूक सापडणारच नाही.

१३ नोव्हेंबरला तो अपडेट दुरुस्त होऊन परत आला. शिवाय तक्रार नोंदवताना ती किती गंभीर आहे हे सांगायची सोयही मायक्रोसॉफ्टने दिली. म्हणजे आपली तक्रारसुद्धा तपासणीचाच भाग आहे.

तेव्हा मोठ्या अपडेटआधी फोटोंची एक कॉपी दुसरीकडे ठेवा. आणि 'जंक साफ करा' म्हणणाऱ्या ॲपला स्टोरेजची परवानगी देण्याआधी ते नेमकं काय उडवणार आहे, त्याची यादी उघडून बघा. यादी दाखवतच नसेल, तर मी तरी ते ॲप ठेवणार नाही.