अतिजोखमीच्या माता आणि आमचे पुणे

सन 2025 च्या मार्च महिन्याच्या अखेरीस जुळी मुले पोटी असलेल्या एका स्त्रीस ह्या शहरात प्रसूतीनंतर मरण आले. एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने तिला दाखल करून घेण्यापूर्वी दहा लाख रुपये अनामत मागितली, असा आरोप तिच्या नातलगांनी केला, आणि काही दिवस साऱ्या महाराष्ट्रात क्षोभ उसळला. त्या प्रकरणी दोष कोणाचा व किती, हे ठरविण्याचे काम चौकशी करणारांचे व न्यायासनाचे आहे. त्यात आम्ही पडत नाही. परंतु क्षोभ ओसरल्यावर जो प्रश्न शिल्लक राहावयास हवा होता, तोही क्षोभाबरोबरच वाहून गेला, ह्याचे आम्हांस वाईट वाटते. तो प्रश्न असा की, जिचे बाळंतपण जोखमीचे होणार हे महिनोन्‌महिने आधी कळलेले आहे, अशा साध्या मिळकतीच्या स्त्रीने ह्या शहरात कोणाकडे जावे, आणि तेथील खर्च कोणी सोसावा?

हा प्रश्न पुण्यास नवा नाही. आनंदीबाई जोशी सन 1865 मध्ये जन्मल्या. चौदाव्या वर्षी त्यांस मुलगा झाला व तो दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही, ह्या दुःखातून त्या अमेरिकेस जाऊन सन 1886 मध्ये डॉक्टर झाल्या, आणि त्यांनी पदवीसाठी लिहिलेला प्रबंध प्रसूतिशास्त्रावरच होता. सन 1887 च्या फेब्रुवारीत ह्याच शहरात त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांस बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढे सन 1909 मध्ये रमाबाई रानडे ह्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले व तेथून परिचारिका आणि सुइणी शिकून बाहेर पडू लागल्या. सन 1944 मध्ये डॉ. बानू कोयाजी के. ई. एम. रुग्णालयात आल्या, तेव्हा ते चाळीस खाटांचे प्रसूतिगृह होते. पन्नासांहून अधिक वर्षे तेथे राहून त्यांनी त्याचे मोठे रुग्णालय केले, आणि वढू गावाच्या परिसरात गावच्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका बनविले. डॉ. कोयाजींची दृष्टी आम्हांस विशेष वाटते ती ह्यासाठी की, प्रसूतीची जोखीम रुग्णालयाच्या दारात जन्मास येत नसून घरात व गावात महिनोन्‌महिने वाढत असते, हे त्यांनी ओळखले होते.

प्रगती झालीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सन 2001 ते 2003 ह्या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे 149 माता मृत्यू पावत. सन 2018 ते 2020 च्या गणनेत हा आकडा 33 वर आला, आणि त्याच गणनेत साऱ्या देशाचा आकडा 97 होता. हे यश लहान नव्हे. पण आकडा खाली आला म्हणजे जी मरणे उरली ती अटळच होती, असा जो एक समज सुशिक्षितांत दिसतो तो चुकीचा आहे. जी उरली आहेत त्यांतील पुष्कळशी अतिरक्तस्रावाची, वाढलेल्या रक्तदाबाची व जंतुदोषाची आहेत. आणि ह्या तिन्हींवर उपाय ठाऊक आहेत. ते वेळेवर, योग्य हातांनी व्हावयास हवेत, एवढेच.

हे योग्य हात कोणाचे? साध्या बाळंतपणास शिकलेली परिचारिका व अनुभवी डॉक्टर पुरेसे असतात. परंतु जिला आधीच मधुमेह आहे, जिच्या हृदयाची झडप खराब आहे, जिची दोन बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाली आहेत, जिचे गर्भ वारंवार पाचव्या-सहाव्या महिन्यात गळून पडतात, तिच्यासाठी प्रसूतिशास्त्राच्या पुढे जाऊन माता व गर्भ ह्या दोहोंच्या विकारांचे खास शिक्षण घेतलेला वैद्य लागतो. अमेरिकेत ह्या शाखेस सन 1970 नंतरच्या दशकात स्वतंत्र मान्यता मिळाली. आपल्याकडे ती अलीकडे रुजू लागली आहे. तरी तिच्या पायाभरणीत मराठी मुलखाचा हात आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. गोव्यातील शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर ह्यांनी मुंबईत काम करीत असता सैल पडलेल्या गर्भाशयमुखास टाका घालून गर्भ राखण्याची रीत सन 1955 मध्ये प्रसिद्ध केली, आणि ती त्यांच्याच नावाने जगभर ओळखली जाते.

ह्या वैद्याचे बरेचसे काम शस्त्रक्रियेच्या खोलीत नव्हे, तर पंचांगाकडे पाहून चालते. जुळ्यांचेच पाहा. दोन्ही गर्भांस वार एकच आहे की वेगवेगळी, हे तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीत स्पष्ट दिसते. पुढे ते ओळखणे कठीण होत जाते. वार एकच असेल तर एका गर्भाचे रक्त दुसऱ्याकडे वळून दोघांच्याही जिवास धोका होऊ शकतो, म्हणून अशी स्त्री दर पंधरवड्यास तपासावी लागते. जिला रक्तदाबाचा विकार जडण्याचा संभव आहे, तिला थोड्या मात्रेचे ॲस्पिरिन चौथा महिना सरण्यापूर्वी सुरू केले तर फायदा होतो. सातव्या महिन्यात सुरू करून त्याचा फारसा उपयोग नाही. दिवस भरण्यापूर्वीच बाळंतपण होणार असे दिसले, तर मातेस दिलेल्या इंजेक्शनांनी बाळाची फुप्फुसे बळावतात, हे न्यूझीलंडमधील डॉक्टरांनी सन 1972 मध्येच दाखवून दिले आहे. पण ती इंजेक्शने प्रसूतीच्या निदान एक दिवस आधी पडावी लागतात. वेळ टळून गेल्यावर कितीही मोठा तज्ज्ञ बोलावला आणि कितीही पैसा ओतला, तरी गेलेले महिने परत येत नाहीत.

आणि येथेच आमच्या घरांतील रूढी आड येते. सातव्या महिन्यात ओटी भरून सून माहेरी पाठवावयाची, ही चाल प्रेमाची आहे ह्यात शंका नाही; दमलेल्या मुलीला आईच्या घरी चार महिने विसावा मिळतो. परंतु जोखीम चढू लागण्याचा काळ नेमका तोच. सहा महिने पुण्यात तपासलेली मुलगी लातुरास किंवा चिपळुणास जाते, जुने कागद सासरच्या कपाटात राहतात, नवा डॉक्टर शून्यापासून आरंभ करतो. चाल मोडा असे आम्ही म्हणत नाही. पण जिच्या कार्डावर अतिजोखमीची लाल खूण आहे, तिच्या बाबतीत आईनेच चार महिने लेकीकडे येऊन राहावे, ह्यात कोणाचा मान कमी होतो? तीच गोष्ट रक्ताची. बाळंतिणीसाठी रक्ताची बाटली हवी म्हणताच घरातील धट्टेकट्टे पुरुष एकमेकांकडे पाहू लागतात, हे रक्तपेढीत काम करणारास विचारावे.

डॉक्टरांची बाजूही सांगितली पाहिजे. जोखमीचे प्रकरण हाती घेणाऱ्यास अपयशाचा वाटा अधिक येणार, हे उघड आहे. आणि अपयश आले की नातलगांनी काचा फोडाव्या, डॉक्टरांवर हात टाकावा, हा प्रकार इतका वाढला की सन 2010 मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. परिणाम असा की, कित्येक लहान प्रसूतिगृहे थोडी शंका येताच चिठ्ठी लिहून बाईला पुढे धाडतात, पुढचे आणखी पुढे, आणि अखेर रात्री दोन वाजता ती ससूनच्या दारी येते. पुढे धाडणे हे कित्येकदा योग्यच असते. पण पुढे खाट आहे की नाही हे विचारल्यावाचून धाडणे म्हणजे जबाबदारी झटकणे होय.

आता पैशाविषयी. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बळ घटकांसाठी सवलतीने राखाव्या, आणि आणीबाणीचा रुग्ण आधी दाखल करून त्याचा जीव सावरावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने सन 2006 मध्ये मान्य केलेल्या योजनेने ठरले आहे. सरकारी रुग्णालयांत प्रसूती, शस्त्रक्रिया, रक्त व वाहन मोफत देण्याची योजना सन 2011 पासूनची आहे. दर महिन्याच्या नऊ तारखेस गर्भवतींची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी व्हावी, ही योजना सन 2016 ची. म्हणजे अत्यंत गरिबांसाठी कागदावर तरी दार आहे. दार नाही ते मधल्या माणसाला: दुकानातील कारकून, रिक्षावाला, भाड्याच्या खोलीत राहून दोन यंत्रे चालविणारा कारागीर. तो निर्धन ठरत नाही, आणि अपुऱ्या दिवसांचे मूल काचेच्या पेटीत महिनाभर ठेवण्याचा खर्च त्याला पेलवतही नाही.

आमचे व्यापारी वाचक ह्या ठिकाणी काही करू शकतील असे आम्हांस वाटते. ज्या बाजारात केवळ शब्दावर लाखांचा माल उचलला जातो, त्या बाजारास हमी म्हणजे काय हे सांगावयास नको. दिवाळीत ना नफा ना तोटा लाडू-चिवडा विकण्याची व्यवस्था येथील व्यापाऱ्यांच्या चेंबरने वर्षानुवर्षे चालविली आहे. संघटितपणे काम करण्याची सवय त्यांस आहे. त्यांनी एक हमीनिधी उभारावा. लाल खुणेचे कार्ड असलेल्या स्त्रीस पाचव्या महिन्यातच निधीचे पत्र द्यावे, आणि ते पत्र दाखविताच रुग्णालयाने अनामत मागू नये. बिल नंतर कुटुंबाने हप्त्यांनी फेडावे, आणि जे खरोखर बुडेल तेवढेच निधीने सोसावे. ही भिक्षा नव्हे, जामीनकी आहे. आपल्याच दुकानातील नोकरांच्या घरांपासून आरंभ केला तरी पुष्कळ झाले.

महानगरपालिकेचे कर्तव्य मात्र व्यापाऱ्यांवर ढकलता येणार नाही. पालिकेची प्रसूतिगृहे शहरभर आहेत. त्यांतून साधी बाळंतपणे होतात, आणि अवघड ती बाहेर धाडली जातात. त्यांपैकी निदान एका ठिकाणी मातृ-गर्भविकारांचा पूर्ण वेळेचा तज्ज्ञ, रात्रंदिवस भूलतज्ज्ञ, रक्तसाठा आणि नवजातांचा अतिदक्षता विभाग, हे चारही एका छपराखाली असावयास हवेत. चारांपैकी तीन असणे म्हणजे कामास न येणेच. कंत्राटी नेमणुकीवर, सहा महिन्यांच्या कराराने असा तज्ज्ञ टिकणार नाही, हे प्रशासनाने ओळखावे. शिवाय शहरात ह्या घटकेस कोठे खाट व काचेची पेटी रिकामी आहे हे सांगणारा एक दूरध्वनी असावा, आणि तो रात्री उचलला जावा. ह्या सर्वांचा खर्च अंदाजपत्रकात आरोग्याच्या सामान्य रकमेत मिसळून न टाकता वेगळी बाब म्हणून दाखवावा, म्हणजे वर्षाअखेर त्यांतील किती रुपये खरोखर खर्ची पडले व किती माता दाखल झाल्या, हे कोणाही करदात्यास पाहता येईल.