आकाशांतील गडाची रसद

सातारा-सांगलीकडे निरभ्र सायंकाळीं कधीं कधीं एक तारका न लुकलुकतां आकाश ओलांडतांना दिसते. सुमारें 400 किलोमीटर उंचीवरील तें अंतराळस्थानक होय. तेथें राहणाऱ्यांचें आमच्या विद्यार्थ्यांस मोठें कौतुक. पण तेथें शिधा नेणें म्हणजे निव्वळ हमाली, असें कित्येकांस वाटतें. हें मत आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

1699 च्या अखेरीस औरंगजेबानें अजिंक्यताऱ्यास वेढा दिला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंचें नांव मुलांस ठाऊक असतें. परंतु गडावरील धान्य अपुरें होतें आणि परळीहून परशुराम त्रिंबक यांनीं रसद पोंचविली, असें ग्रँट डफ लिहितो, हें किती जण सांगतील? गड 1700 च्या एप्रिलपर्यंत झुंजला. गोणी वाहणाऱ्यांचीं नांवें मात्र कोणीं लिहून ठेवलीं नाहींत.

आज स्थानकाची रसद बहुधा निर्मनुष्य यानें नेतात. पण जुलै 2011 मधील अटलांटिस यानाची अखेरची फेरी पहा. चार टनांहून अधिक सामान न्यावयाचें, आणि माणसें चारच! कारण यानास इजा झाल्यास सुटकेस धाडावयास दुसरें यान सज्ज नव्हतें. तसें घडतें, तर रशियाच्या चिमुकल्या सोयूझमधून एकेकानें, महिनोन्महिने वाट पाहून, परतावयाचें होतें. यास्तव निघण्यापूर्वींच प्रत्येकाच्या देहाच्या मापाचें सोयूझचें आसन करून घेण्यांत आलें. इतकें सारें मोजूनमापून ते चौघे उड्डाणास बसले.

शाळेच्या नाटकांत प्रत्येकास किल्लेदारच व्हावयाचें असतें, आणि पालकांसही तेंच हवें असतें! पुढील स्नेहसंमेलनांत वेढ्याचा प्रवेश झालाच, तर गोणीवाल्याच्या तोंडींही चार वाक्यें असावींत, अशी आमची सूचना आहे.