राखाडी रंग विटेवर नको, विटेशेजारी हवा

पावसाळा ओसरला की माझ्याकडे रंगाचे प्रश्न घेऊन माणसं येऊ लागतात. अलीकडे त्यात एक प्रश्न हमखास असतो: घर उघड्या विटांचं आहे, बाहेरून फिकट राखाडी करायचंय, शेड कोणती घेऊ? सोबत मोबाइलवर फोटो. अमेरिकेतलं एखादं उपनगर, पुढे हिरवळ, राखाडी विटा, पांढऱ्या खिडक्या, काळं दार. घर देखणं असतं, यात वाद नाही. राखाडी हा माझाही आवडता रंग आहे. तरीही पुण्यात, साताऱ्यात किंवा नाशकात विटेच्या भिंतीवर इमल्शनचे दोन हात मारायला वास्तुरचनाकार म्हणून माझा ठाम विरोध आहे.

त्या फोटोतली भिंत आणि आपली भिंत एक नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बांधलेल्या बहुतेक विटांच्या घरांत वीट हे नुसतं बाहेरचं आवरण असतं. भार पेलते ती आतली लाकडी चौकट. मध्ये हवेची पोकळी असते आणि शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून तळाशी बारीक फटी ठेवलेल्या असतात. आपली नऊ इंची भिंत भरीव. तिला समोरून पावसाचा मारा, खालून जमिनीची ओल, आतून न्हाणीघराचं पाणी. आपल्या मानकानुसार साध्या भाजक्या विटेनं चोवीस तास पाण्यात बुडून स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी प्यायलेलं चालतं. म्हणजे तीन किलोच्या विटेत ६०० ग्रॅम पाणी मावू शकतं. पाऊस संपल्यावर हे पाणी विटेच्या तोंडातून आणि दरजांमधून हळूहळू वाफ होऊन निघून जातं. तिथे रंगाचा पापुद्रा चढवणं म्हणजे भिजलेल्या अंगावर रेनकोट घालून बटणं लावणं. पाण्याबरोबर क्षारही पुढे येतात. उघड्या भिंतीवर तो पांढरा लोणा कोरड्या ब्रशनं झाडता येतो. रंगाखाली मात्र त्याचे स्फटिक वाढत जातात आणि पोपडा सुटतो तो विटेचं तोंड घेऊनच.

कोथरूडमधल्या एका बंगल्यात मी हे जवळून पाहिलं. उघड्या विटांचं, १९८०च्या सुमाराचं घर, दरजा अजून घट्ट. घरच्यांनी दिवाळीच्या तोंडावर पश्चिमेची भिंत फिकट राखाडी करून घेतली. रंगाऱ्यानं 'वॉटरप्रूफ आहे' म्हणून जो रंग सुचवला, तोच लावला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मला बोलावलं तेव्हा खिडकीखाली रंगाला फुगे आले होते. एक फुगा बोटानं दाबला, तर रंगामागून लाल भुगा खाली आला. चाळीस वर्षं उघडी राहून जी वीट शाबूत होती, ती झाकल्यावर दोन पावसाळ्यांत भुसभुशीत झाली. मालकीणबाई शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी विचारलं, ''ताई, रंग काढून टाकता येईल ना?'' मला नाही म्हणावं लागलं.

विटेवरचा रंग काढणं जवळजवळ अशक्य असतं. वाळूचा झोत मारला तर भट्टीत भाजून टणक झालेला विटेचा वरचा थर निघून जातो आणि आतली मऊ वीट पावसापुढे उघडी पडते. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसनं जुन्या इमारतींसाठी याविरुद्ध १९७९ मध्येच मार्गदर्शिका काढली. रसायनांनी रंग सुटतो, पण छिद्रांतला उरतोच. एकदा रंगवलेलं घर पुढे दर काही वर्षांनी रंगवतच राहावं लागतं. उघड्या विटेची निवड ही घरं बांधणाऱ्या पिढीनं नेमका हाच खर्च टाळायला केली होती. वास्तुरचनाकार लॉरी बेकर तिरुअनंतपुरममध्ये गिलावा आणि रंग वाचवूनच स्वस्त घरं उभी करत होते.

मग राखाडी सोडून द्यायचा का? अजिबात नाही. शनिवारवाड्याच्या तटासमोर उभं राहून बघा. खाली काळ्या दगडाचं बांधकाम, वर वीट. वीट का आली याची राजकीय कथा सांगितली जाते, ती बाजूला ठेवू. पण दख्खनच्या काळ्या-करड्या पाषाणावर लाल वीट किती शोभते, हे पुणेकर जवळजवळ तीनशे वर्षं पाहत आले आहेत. राखाडी हा आपल्या जमिनीचाच रंग आहे, आणि त्याची जागा विटेच्या शेजारी आहे.

उघड्या विटांच्या बहुतेक घरांत न-विटेचा भाग भरपूर असतो: स्लॅबचे पट्टे, छज्जे, लिंटेल, गच्चीचा कठडा, जिन्याची बाजू, कंपाउंडची भिंत. हे भाग बहुधा पांढरे किंवा पिवळट असतात आणि शेवाळानं काळवंडलेले. त्यांना फिकट राखाडी द्या, विटा धुऊन दरजा नव्यानं भरा, ग्रील गडद तपकिरी करा, सागवानी दाराला पॉलिशऐवजी तेल पाजा. घर नवं दिसेल आणि विटेला धक्काही लागणार नाही. जोतं दगडी असेल तर त्यावरचा जुना ऑइलपेंट खरवडून दगड मोकळा करा. जोत्याला गिलावा असेल तर तिथे राखाडीची दोन-तीन पायऱ्या गडद छटा घ्या, कारण पहिल्याच वळवात लाल मातीचे शिंतोडे तिथेच उडतात.

छटा निवडताना शेडकार्डावर विसंबू नका. राखाडीच्या पोटात नेहमी दुसरा रंग लपलेला असतो: निळा, हिरवा, जांभळा किंवा मातकट. निळसर राखाडी दुकानातल्या दिव्याखाली उंची दिसते. आषाढातल्या ढगाखाली, लाल विटेशेजारी तीच छटा आजारी वाटते. आपल्याकडे थोडी पिवळी माती मिसळल्यासारखी उबदार राखाडी घ्यावी. भिंतीवर तीन फूट बाय तीन फुटांचा नमुना लावा आणि तो सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला आणि पाणी मारून ओलाही बघा. आणखी एक, रंगापेक्षा महत्त्वाचं: कठड्याच्या माथ्याला गच्चीकडे उतार द्या आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच ठेवा. हे न केल्यास फिकट राखाडीवर पहिल्याच पावसाळ्यात काळे ओघळ उतरतात, मग शेड कितीही महागाची असो.

काही घरांत मात्र विटा मुळातच वेड्यावाकड्या, डागाळलेल्या किंवा ठिगळं लावलेल्या असतात, आणि पूर्ण भिंत एकसारखी करण्यावाचून इलाज नसतो. तिथे चुना वापरा. भिजवून मुरवलेला चुना, त्यात अगदी थोडा काळा आयर्न ऑक्साइड, भिंत आधी पाण्यानं ओलावलेली, आणि एकावर एक तीन-चार पातळ हात. ओला असताना रंग गडद भासतो, वाळला की बराच फिकटतो, म्हणून नमुना वाळेपर्यंत थांबा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होतो, पण वाफ अडवत नाही. पहिला हात ओल्या गोणपाटानं पुसून घेतला तर विटेची लाली आतून झिरपते. मला तर हा राखाडी सगळ्यात सुंदर वाटतो. चुना काही वर्षांनी झिजतो, पुन्हा लावावा लागतो, हे मान्य करूनच तो निवडावा. दुसरा पर्याय सिलिकेट रंगाचा. जर्मनीत आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तो विटेशी रासायनिक रीतीनं जुळतो, पोपडे धरत नाही, वाफ जाऊ देतो. पण महाग आहे, आणि तोही काढता येत नाही.

आता वेळेचं बोलते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. आपण दसरा-दिवाळीला रंगकाम काढतो, तेव्हा विटेची भिंत वरून कोरडी आणि आतून चार महिन्यांचं पाणी पिऊन बसलेली असते. प्लास्टिकचा दोन फुटी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर लावा आणि दोन दिवसांनी काढा. आतून दव दिसलं, तर कामगार परत पाठवा.

या दिवाळीत आतल्या खोल्या, दारं आणि ग्रील रंगवून घ्या. बाहेरची वीट माघापर्यंत वाळू द्या, आणि तेव्हाही भिंतीला हात लावण्याआधी रंगाऱ्याला एवढं नक्की विचारा: हा रंग भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो का? उत्तर नीट मिळालं नाही, तर डबा उघडू देऊ नका.